क्लिफर्डची मागणी

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव पर्पेतुआ. नुएवा एसिहा प्रांतातल्या आमच्या गावात तिला सगळे पेपेत म्हणत. मनिलाला जाऊन तिने एका विमा कंपनीत नोकरी धरली आणि पहिला पगार हातात पडायच्या आत ती पर्ल झाली. आमचे वडील गावच्या शाळेत घंटा वाजवायचे. ताई आता सांगते की आमच्या घरात शिक्षणाची परंपरा होती. घंटेचा उल्लेख ती करत नाही.

ताईला मुलगा झाला तेव्हा तिने त्याचं नाव क्लिफर्ड ठेवलं आणि बारशाच्याच दिवशी घरात हुकूम काढला: मुलाच्या कानावर तागालोगचा, म्हणजे आमच्या स्वतःच्या भाषेचा, एक शब्दही पडता कामा नये. मूल इंग्रजीत वाढेल, इंग्रजीत विचार करेल आणि देवाची कृपा असेल तर इंग्रजीत स्वप्नं बघेल. हेक्तर दाजींचा वातानुकूलन यंत्रं विकायचा धंदा होता. त्यांचं इंग्रजी सकाळी आठपर्यंत संपायचं. त्यानंतर ते घरात दिवसभर नुसते हसत असत. पुढे पाहुण्यांना वाटायला लागलं की माणूस फार समाधानी आहे.

क्लिफर्डला सांभाळायला कापिस प्रांतातून एक एकोणीस वर्षांची मुलगी आणली होती, निम्फा. आमच्याकडे मूल सांभाळणाऱ्या बाईला याया म्हणतात, म्हणून ती याया निम्फा. तिला तागालोग यायचं ते तिकडच्या हेलात, गाणं म्हटल्यासारखं. टीव्हीवर मोलकरणीचं पात्र आलं की याच हेलात बोलतं आणि तिने काही विनोद करायच्या आधीच लोक हसतात. ताईने तिलाही हुकूम ऐकवला. "मुलासमोर तागालोग अजिबात नाही. समजलं?"

"येस मॅडम," निम्फा म्हणाली. तिला इंग्रजीतलं तेवढंच येत होतं.

ताईच्या घरात, चांगल्या घरांत असतात तशी, दोन स्वयंपाकघरं. पुढचं दाखवायचं: त्यात संगमरवरी ओटा आणि कधीही न पेटलेली चार बर्नरची शेगडी. मागचं खरं: त्यात धूर, मासळी, लसणाची सालं आणि निम्फा. मागच्या स्वयंपाकघरात ताईने पाऊल ठेवल्याचं मला आठवत नाही. क्लिफर्डचं बालपण मात्र बरंचसं तिथेच गेलं, कारण खायला तिथे मिळायचं.

मुलगा मोठा झाला. त्याचं इंग्रजी ऐकून माणसं बोलायची थांबत, इतकं ते गुळगुळीत. अमेरिकेत तो एकदाच गेला, बारा दिवस, आणि तिथे प्रत्येकाने त्याला तू मूळचा कुठला असं विचारलं. तो परत आल्यावर ताईने हा भाग सोडून सगळं लोकांना सांगितलं.

तागालोग त्याला समजायचं. या शहरात राहून ते समजू न देणं ताईलाही जमलं नाही. पण तो ते बोलायचा फक्त ड्रायव्हरशी, रखवालदाराशी आणि हॉटेलातल्या पोऱ्यांशी. थांब. इथे घे. लवकर आण. उरलेले ठेव. आमच्याकडे मोठ्या माणसाशी बोलताना वाक्यात 'पो' घालतात. तो नसला की वाक्य उघडंनागडं दिसतं. क्लिफर्डची सगळी वाक्यं तशीच, पण ती ज्यांना ऐकावी लागायची त्यांच्यात तक्रार करायची सोय असलेलं कुणी नव्हतं.

अठ्ठाविसाव्या वर्षी तो प्रेमात पडला. ताईच्या कुत्र्याचं पोट बिघडलं म्हणून तो त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. कुत्राही इंग्रजीतच वाढलेला. डॉक्टरणीने त्याला तागालोगमध्ये बस म्हटलं आणि तो बसला. क्लिफर्डला हे फार भिडलं म्हणे. डॉक्टरणीचं नाव रोसेल माकालिंताल. बातांगासची, ताल सरोवराच्या अलीकडच्या गावची. आई-वडील लहानपणीच गेलेले. आजोबांनी वाढवली. ते गुरांचे व्यापारी, वय चौऱ्याऐंशी. त्यांना सगळा मुलूख लोलो पोन्सो म्हणतो, लोलो म्हणजे आजोबा.

रोसेलने क्लिफर्डला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, "लोलो हो म्हणाले तर लग्न. नाही म्हणाले तर मी रडेन, पण लग्न नाही."

आमची रीत अशी की मुलाकडच्यांनी जेवण घेऊन मुलीच्या घराच्या पायऱ्या चढायच्या, आधी मध्यस्थाने बोलायचं आणि मग मुलाने स्वतः घरच्या वडीलधाऱ्यांकडे मुलगी मागायची. मध्यस्थ म्हणून मला धरलं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे फुकट बोलायची मला सवय आहे असं ताईचं मत आहे.

"आपण हे इंग्रजीत का करत नाही?" ताईने रोसेलला विचारलं. अर्थात इंग्रजीत.

"लोलोंना चालणार नाही."

"त्यांना समजत नाही का?"

"समजतं. तरुणपणी सुबिकच्या अमेरिकन तळावर ते बावीस वर्षं मांस पुरवत होते. घरात येऊ देत नाहीत, एवढंच. चपलांसारखं."

ताई दोन दिवस चपला या शब्दावर धुमसत होती. मग तिने मला बोलावलं. मी क्लिफर्डसाठी आठ ओळींचं तागालोग भाषण लिहून द्यायचं आणि त्याने ते पाठ करायचं. मी लिहिलं. आठ ओळींत नऊ 'पो' घातले, एखादा गळाला तरी चालावा म्हणून. त्याने तीन आठवडे घोकलं. रेडिओवरचे परदेशी पाद्री बोलतात तसं वाटत होतं, पण पाद्र्यांना लोक माफ करतात.

रविवारी सकाळी दहाला आम्ही व्हॅनने पोचलो. ताई, दाजी, क्लिफर्ड, मी आणि मागच्या सीटवर निम्फा, मांडीवर कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं धरून. ताईने मोठ्या हॉटेलातला लझान्या आणि तीन मजली केक आणला होता. पण क्लिफर्ड घाबरला की फक्त निम्फाच्या हातचं खातो, म्हणून पातेलं.

गाडी थांबल्यावर ताई मागे वळून म्हणाली, "तू गाडीतच थांब. मी हाक मारली तरच वर ये, आणि बोलू नकोस. तुझं बोलणं ऐकून त्यांना वाटायचं आमच्याकडे सगळे असेच."

"येस मॅडम."

घर साधं होतं, पायऱ्या तेवढ्या उंच. खाली गोठा. वरच्या पडवीत लोलो पोन्सो वेताच्या खुर्चीत बसले होते. समोर बाराको कॉफीची किटली आणि पेले. शेजारी रोसेलची आत्या, चोलेंगबाई. कठड्याजवळ लोलोंचे दोन मुलगे गाईचं मांस कापत होते. बातांगास सुऱ्यांसाठी नावाजलेलं; तिथल्या माणसाला सुरीने काम करताना बघणं सुंदर असतं, आपण मुलीकडचे असलो तर.

क्लिफर्डने रीतीप्रमाणे वाकून लोलोंचा हात कपाळाला लावला. सराव कमी पडला. कपाळ हातावर आपटलं.

"डोकं भक्कम आहे," लोलो म्हणाले.

मी माझं बोललो. घराणं, ओळख, हवामान, पुन्हा घराणं. चोलेंगबाईंनी मध्येच विचारलं, "वडील काय करायचे म्हणालात तुमचे?"

"शाळेत होते," ताई इंग्रजीत म्हणाली.

"घंटा वाजवायचे पो," मी म्हणालो. ताईने माझ्याकडे बघितलं ते मी बघितलं नाही.

मग क्लिफर्ड उभा राहिला आणि आठही ओळी म्हणाला. एकच 'पो' गळाला. हेक्तर दाजी हसले, नेहमीसारखेच. मला वाटलं, निभावलं.

लोलोंनी कॉफीचा घोट घेतला. "पाठांतर चांगलं आहे. लिहिलंय पण चांगलं." माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. "आता ते बाजूला ठेव बाबा. मी गुरं विकतो. विकणारा काय सांगतो ते मी कधी ऐकत नाही. तू तुझं सांग. माझी नात तुला का देऊ?"

क्लिफर्डने तोंड उघडलं. इंग्रजी आलं. लोलोंनी तळहात वर केला. इंग्रजी थांबलं.

पुढे जे झालं त्यात मुलाचा दोष नाही असं मी आजही म्हणतो. घामाघूम झालेल्या माणसाने घरातलं मिळेल ते भांडं उचलावं तसं त्याने त्याच्याजवळ असलेलं तागालोग उचललं. ते एकाच प्रकारचं होतं.

"ऐक," तो लोलोंना म्हणाला. "मला रोसेल पाहिजे. मी घेऊन जातो. तू काळजी करू नको. तू इथेच थांब."

कठड्याजवळ मांस कापायचा आवाज बंद झाला. चोलेंगबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. रोसेलने डोळे मिटले. माझं लक्ष कारण नसताना सुऱ्यांकडे गेलं.

ताई पुढे सरसावली. "माझ्या चिरंजीवांच्या म्हणण्याचा आशय असा आहे," तिने इंग्रजीत सुरुवात केली, "की त्यांच्या मनात आपल्याविषयी अत्यंत..."

"बाई," लोलो शांतपणे म्हणाले, "तुमचा मुलगा माझ्याशी ड्रायव्हरशी बोलतात तसा बोलला."

"त्याला तागालोगची सवय नाही," ताई म्हणाली, आणि अशा वेळीसुद्धा तिच्या आवाजात किंचित अभिमान आलाच. "आमच्या घरी पहिल्या दिवसापासून फक्त इंग्रजी."

"मग हे तागालोग तो कुणाशी बोलतो?"

ताईने केकच्या खोक्याची रिबीन सरळ केली. उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे आमची भाषा तुम्ही नोकरांसाठी राखून ठेवलीत," लोलो म्हणाले. "बरं केलंत. निदान टाकून नाही दिलीत." मग नातीकडे वळून म्हणाले, "रोसेल, कॉफी आवर."

कॉफी आवरली की बोलणं संपलं, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. रोसेल उठली. तिने किटलीचा कान धरला, पण किटली उचलली नाही. 

"लोलो," ती म्हणाली, "बैल घेताना तुम्ही त्याला तीनदा चालवून बघता. याला दोनदाच चालवलंत."

"दोन्ही वेळा लंगडला."

"तिसऱ्यांदा बघा पो."

लोलो बराच वेळ क्लिफर्डकडे बघत राहिले. बाजारात बघतात तसेच, पायांपासून वर. शेवटी म्हणाले, "लहानपणी ताप आला की पाणी कुठल्या भाषेत मागायचास?"

क्लिफर्डने आईकडे बघितलं. मग कठड्यावरून खाली बघितलं, जिथे आमची व्हॅन उभी होती. मग म्हणाला, "इंग्रजीत नाही."

"मग त्या भाषेत बोल."

आणि तो बोलायला लागला. पहिलं वाक्य हळू, दुसरं जरा मोकळं आणि मग थांबेचना. खांदे खाली आले, हात हलायला लागले, वाक्याच्या शेवटी सूर वर जायला लागला, गाणं म्हटल्यासारखा. मला एक अक्षर कळत नव्हतं. तो मुलगा मी अठ्ठावीस वर्षं ओळखत होतो आणि त्याचा खरा आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला. थोडा जाडच आहे.

ताईच्या चेहऱ्यावर आधी कौतुक उमटलं. तिला बहुधा स्पॅनिश वाटलं. मग तिने तो हेल ओळखला. टीव्हीवर ऐकून ती ज्याला मनसोक्त हसत आली होती तोच हेल, तिच्या क्लिफर्डच्या तोंडात, आणि तोही अस्खलित. घरात चोर सापडावा तसा तिचा चेहरा झाला. हुकूम तागालोगविरुद्ध होता आणि निम्फाने तो सत्तावीस वर्षं तंतोतंत पाळला होता. मागच्या स्वयंपाकघरात मुलाशी ती तागालोगचा एक शब्दही बोलली नव्हती. ती तिच्या आईच्या भाषेत बोलत होती.

क्लिफर्ड थांबला आणि त्याने नाक पुसलं.

"हे काय होतं?" चोलेंगबाईंनी विचारलं.

"कापिसकडचं, इलोंगो," कठड्याजवळचा एक मुलगा म्हणाला. "आमच्या बोटीवर एक होता. शिव्यासुद्धा अशाच गोड द्यायचा."

"मला काही कळलं नाही," लोलो म्हणाले. "पण या वेळी लंगडला नाही. अर्थ कोण सांगेल?"

"याया," क्लिफर्ड म्हणाला आणि त्याने खाली बोट दाखवलं.

ताई इंग्रजीत म्हणाली की त्याची काही आवश्यकता नाही. तोवर रोसेल पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

निम्फा वर आली ती पातेलं घेऊनच. तिला वाटलं, जेवण मागवलंय. पातेलं कुठे ठेवावं ते कळेना म्हणून ती तशीच उभी राहिली. लोलोंनी तिला बसायला सांगितलं. खुर्ची रिकामी नव्हती. मी माझी दिली. ती ताईच्या शेजारी होती, हा योगायोग होता असं मी ताईला नंतर बऱ्याचदा सांगितलं आहे.

"तोतो," निम्फा क्लिफर्डला म्हणाली. तिच्याकडे पोराला अशीच हाक मारतात. "काय बोललास? पुन्हा सांग."

तो पुन्हा बोलला. ती पातेलं घट्ट धरून ऐकत होती. मग तिने पातेल्याकडे बघत सांगायला सुरुवात केली, तिच्या त्या हेल काढलेल्या तागालोगमध्ये. कुणी हसलं नाही.

"तो म्हणतो, की त्याला तुमच्याशी असं बोलायचं नव्हतं पो. तो म्हणतो, मोठ्यांशी तागालोगमध्ये कसं बोलायचं हे त्याला कुणी शिकवलंच नाही, आणि याची त्याला लाज वाटते. म्हणतो, रोसेलने घाबरलेल्या जनावराच्या मानेवर हात ठेवला की ते गप्प होतं. त्याचंही तसंच होतं पो. म्हणतो, तुम्ही नाही म्हणालात तर ती ऐकेल, हे त्याला माहीत आहे, आणि तो तिला पळवून नेणार नाही. पण दर रविवारी येऊन इथे खाली उभा राहील. आणि घरात भांडी तो घासेल."

"भांड्यांचं तो म्हणाला?" लोलोंनी विचारलं.

निम्फाने पातेल्याचं झाकण नीट केलं. "भांड्यांचं मी म्हणते पो. पण घासतो. मीच शिकवलंय."

ताईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. आपला मुलगा भांडी घासतो हेही तिला त्याच दिवशी कळत होतं.

लोलोंनी किटली स्वतःकडे ओढली, पेला कॉफीने भरला आणि टेबलावरून सरकवत नेला. ताईसमोरून, दाजींसमोरून, थेट निम्फासमोर.

"या घरची रीत आहे," ते म्हणाले. "निरोप जिच्या तोंडून आला, उत्तर तिच्या हातात. पेला घेतलास तर ठरलं. नाही घेतलास तर नाही. पण ज्या घरातून आलीस त्या घराच्या मालकिणीला विचारून घे. मला मागाहून भानगडी नकोत."

निम्फाने पेल्याला हात लावला नाही. ती ताईकडे वळली. "मॅडम, घेऊ?"

 क्लिफर्ड आईकडे बघत होता, रोसेल ताईकडे बघत होती आणि खाली गोठ्यात एक गाय स्वतःच्या वेगळ्या विचारात हंबरली. ताईने ओठ उघडले. इंग्रजीत सुरुवात करायला तिने श्वास घेतलेला मी बघितला. मग तिने मुलाचा चेहरा बघितला. नाक अजून ओलंच होतं.

"घे गं बाई," ती म्हणाली. "घे एकदाचा. निवतोय तो."

तागालोगमध्ये. आमच्या गावच्या, बापाच्या घंटेसारख्या खणखणीत तागालोगमध्ये. तीस वर्षांत मी तिच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं. हेक्तर दाजींचं हसू थांबलं. ते चकित होऊन बायकोकडे बघत होते, जणू ओळखीचं कुणीतरी गर्दीत दिसलं. निम्फाने पेला तोंडाला लावला. बाराको कॉफी कडू असते. तिने तोंड वाकडं केलं आणि सगळी प्यायली.

कोंबडीचा रस्सा संपला. लझान्याला कुणी हात लावला नाही. केकचे दोन मजले गोठ्यातल्या लोकांनी खाल्ले.

इथे थांबलो असतो तर माझी बहीण सुधारली असं तुम्हाला वाटलं असतं, आणि वाटायला हरकतही नव्हती. पण मी तिला लहानपणापासून ओळखतो. डिसेंबरात लग्न झालं. जेवणाच्या टेबलावर ताई विमा कंपनीतल्या जुन्या मैत्रिणींना इंग्रजीत सांगत होती, "क्लिफर्डला तीन भाषा येतात. आम्ही अगदी लहानपणापासून तशी काळजी घेतली. त्यासाठी घरात खास बाई ठेवली होती." मैत्रिणी थक्क झाल्या. त्यांतल्या एकीने तिसरी भाषा कुठली असं विचारलं, तेव्हा ताईने तिच्या ताटात आणखी हॅम वाढलं.

लोलो पोन्सोंनी क्लिफर्डला लग्नाआधी बारा शनिवार गोठ्यात राबवलं. तो आता वाक्यात 'पो' घालतो. गाईंशी बोलतानाही घालतो, कारण सुरुवात त्यांच्यापासूनच झाली.

यंदा मार्चमध्ये त्यांना मुलगी झाली. नाव रोसेलने ठेवलं, स्वतःच्या आजीच्या नावावरून, आणि ताईने त्याच दिवशी त्याचं इंग्रजी लघुरूप शोधून काढलं. मी बघायला गेलो तेव्हा ताई पुढच्या स्वयंपाकघरात संगमरवरी ओट्यापाशी उभी होती. निम्फाच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं.

"या वेळी नीट ऐक," ताई म्हणत होती. "तागालोग नाही. ते तुझ्याकडचंही नाही. रोसेल आणि तिचे आजोबा काय म्हणायचं ते म्हणू देत, या घरात मुलीशी फक्त इंग्रजी. समजलं?"

"येस मॅडम," निम्फा म्हणाली.

इंग्रजीतलं तिला अजूनही तेवढंच येतं, आणि त्याचा अर्थ काय होतो हे ताईला अजूनही कळलेलं नाही. निम्फाने पायाने मागच्या स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि बाळाला घेऊन आत गेली. दार पूर्ण लागायच्या आतच तिचा तो हेल सुरू झाला होता.